दोन बोटं जागा

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात कधी टेप हातात धरली नाही. ते बोटांनी मोजायचे. खाट भिंतीपासून किती दूर ठेवायची, तर दोन बोटं. सरकी किती खोल लावायची, तर दोन बोटं. पावसाची झड लागली की दुकानाचं शटर खालून किती उघडं ठेवायचं, तर चार. माणसांनाही हेच माप. एखाद्या गिऱ्हाइकाबद्दल विचारलं की म्हणायचे, "मानूस बरा आहे, बोटभर कमी." पुरता भरलेला माणूस त्यांना सहसा भेटायचा नाही.

आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात आणि सासूबाईंना आत्याबाई. नव्वदच्या दशकात लग्न होऊन मी वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेच्या घरात आले, तेव्हा मामाजींचं वर्ध्यात बियाणं-खतांचं दुकान होतं आणि आंजीजवळ शेती. माझ्या नवऱ्याची, विलासची, बँकेत बदलीची नोकरी. मुलांची शाळा नको हलवायला म्हणून मी वर्ध्यातच राहिले. त्यामुळे घरातली आणि दुकानातली निम्मी कामं माझ्याकडे आली, आणि मी ती यादी करून उरकू लागले. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर आकडे घालून कामं लिहायची आणि झालेल्यापुढे पेन्सिलीने टिक करायची. मामाजींना त्याची फार गंमत वाटे. "सूनबाई, श्वास घ्याचा लिवला काय यादीत? नाई तं राहून जाईन," असं ते दिवसातून एकदा तरी म्हणत.

त्यांची बोटं जाड होती, हे सुताराला महागात पडलं. न्हाणीघराचा दरवाजा खालून दोन बोटं कापायला सांगितला होता. सुतार अंगाने किरकोळ. त्याने आपली दोन बोटं धरली आणि दरवाजा पुन्हा फरशीला घासू लागला. तेव्हापासून तो कामाला यायच्या आधी निरोप पाठवायचा, "शेठजींना घरी राहाले सांगा, माप लागते." मी एकदा मामाजी पेपर वाचत असताना त्यांच्या बोटांवर टेप धरली आणि हिशेबाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं : मामाजींची दोन बोटं, चार सेंटिमीटर. त्यांनी पेपर खाली न घेता विचारलं, "भरलो काय बरोबर?"

आत्याबाईंना लकवा मारला तो दोन हजार पाच-सहाच्या सुमारास. डावी बाजू गेली, जीभ थोडी जड झाली, पण बोलण्याची धार शाबूत. दवाखान्यातून घरी आणताना त्यांना जीपमध्ये चढता येईना. दुकानातल्या दोघा नोकरांनी, ड्रायव्हरने आणि मी मिळून त्यांना उचललं. पदर सुटला, एक चप्पल रस्त्यावर पडली, समोरच्या पानठेल्यावरची माणसं बघत राहिली. घरी आल्यावर त्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या आणि संध्याकाळी एवढंच म्हणाल्या, "मी पोतं नोहो. आता मले कोनी उचलाचं नाई."

त्यांनी ते पाळलं. आठवड्यातून दोनदा व्यायामासाठी सावंगीच्या दवाखान्यात न्यायचं होतं, त्या जाईनात. मी समजावलं, विलासने फोनवर समजावलं. मामाजींनी समजावलं नाही. त्यांनी खाटेच्या पायांखाली विटा ठेवल्या, विटांवर फळ्या, आणि आत्याबाईंना टेकून बसायला सांगितलं. जमलं की आणखी एक फळी. कितीपर्यंत उंच जागेवर ही बाई कुणाचा हात न लागता स्वतः बसू शकते, हे ते शोधत होते. चार दिवस हा उद्योग चालला. शेवटी त्यांनी खाटेच्या पायावर गेरूची खूण केली आणि मला म्हणाले, "लिहून घे. तीन वीत आन दोन बोटं. त्याच्यावर एक बोट नाई."

मग ते हे माप घेऊन गाड्या बघत हिंडले. साध्या मोटारीत बूड खूप खाली जायचं, आत्याबाईंना उठता आलं नसतं. जीपा उंच. नागपूरला एका व्यापाऱ्याकडे परदेशी बनावटीची मोठी, जुनी गाडी होती. तिच्या चाकांजवळ स्प्रिंगांच्या जागी हवेच्या रबरी पिशव्या. एक बटण दाबलं की पिशव्यांत हवा भरून गाडी उंच व्हायची, दुसरं दाबलं की हवा सोडून हळूहळू खाली बसायची. ती पुरती खाली बसली तेव्हा मामाजींनी भर रस्त्यात सीटची उंची वितीने मोजली. बरोबर तीन वीत भरली. त्यांनी गाडीचं इंजिन पाहिलं नाही, कागदही मीच पाहिले. परत येताना ते तीनदा म्हणाले, "आपल्यापाशी दोन बोटं शिल्लक आहे."

ती गाडी आमच्या दारात पहिल्यांदा बसली तेव्हा गल्ली गोळा झाली होती. आत्याबाईंनी दारातून बघितलं, काठी टेकत आल्या, पाठ वळवली आणि सीटवर बसल्या. पाय आत घ्यायला वेळ लागला, पण घेतले स्वतःच. "बैलावानी बसते वं हे," त्या म्हणाल्या. मामाजी स्टीअरिंगमागे समोर बघत बसले होते. त्यांचे कान लाल झाले होते.

दसऱ्यानंतर आमच्याकडे कापूस वेचायला लागायच्या आधी सीतादही करतात. शेतात पाच दगड मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य आणि तोच भात कपाशीवर शिंपडायचा. घरच्या बाईने हे करायचं असतं. आत्याबाईंनी लग्न झाल्यापासून एकही वर्ष चुकवलं नव्हतं, आजारपणाचं तेवढं गेलं होतं. गाडी आल्यावर त्यांनी एकच गोष्ट मागितली : "औंदा मले शेतात न्या. पायानं उतरतो, पूजा करतो आन पायानं बसतो." आमच्याकडच्या जुन्या बायका स्वतःबद्दल असंच, पुरुषासारखं बोलतात.

अडचण पांदणीची होती. आंजीपासून शेतापर्यंत बैलगाडीची वाट, दगड आणि वाळलेल्या चिखलाचे बांध. गाडीचे टायर शहरी, रबराची उंची जेमतेम. मामाजी एकदा रिकामी गाडी घेऊन बघून आले तर एका दगडाने टायर बाजूने फाडला आणि पोट दोन ठिकाणी खरवडलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, "टायर बोटभर मोठे टाकू. गाडी बोटभर वर जाईन. शिल्लक दोन आहे, एक उरते." हिशेब चुकीचा नव्हता. सीटपुरता तर नव्हताच.

मी माझ्या पद्धतीने नागपूरच्या मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, थोडा बडा चलेगा. लेकिन गाडी खडी है तब मत देखना. पूरी नीचे बिठाके, स्टीअरिंग दोनों तरफ काटके देखना, टायर अंदर कहीं लगना नहीं चाहिए. उसके पीछेही हवा का पाइप है." मी यादी केली. एक, चारही टायर एकाच मापाचे. दोन, स्टेपनी. तीन, हवा किती भरायची. चार, गाडी पूर्ण खाली बसवून, चाकं दोन्हीकडे वळवून पाहणे.

टायरच्या दुकानात आम्ही दोघं गेलो. काम झालं तोवर गाडी बघायला सात-आठ माणसं जमली होती, त्यांतली निम्मी मामाजींची गिऱ्हाइकं. मागे एक ट्रक हॉर्न देत होता. गाडी उभी होती, म्हणजे आपल्या नेहमीच्या उंचीवर. मामाजी वाकले, टायर आणि वरच्या पत्र्याच्या मधे हात घातला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दोन बोटं जागा आहे. झालं."

"शेठजीचं माप म्हणजे झालंच," टायरवाला म्हणाला.

मी म्हटलं, "मामाजी, ते एकदा..." आणि थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. गिऱ्हाइकांनीही पाहिलं. बाहेरच्या माणसांसमोर सासऱ्यांना पुन्हा मोजा म्हणणं आमच्या घरात कुणी केलेलं नव्हतं. मी कागदाकडे बघितलं आणि चार नंबरपुढे टिक केली.

सीतादहीच्या दिवशी सकाळी गाडी दारात बसली. चाकं सरळ होती, कुठे काही लागलं नाही. आत्याबाई नवं लुगडं नेसून स्वतःच्या स्वतः बसल्या. मांडीवर दहीभाताचा डबा, तो माझ्या हाती देईनात. मला वाटलं, झालं की सगळं नीट, माझी टिक आपोआप खरी ठरली. पांदणीवर मामाजींनी गाडी उंच केली आणि मोठ्या टायरांनी दगड असे पार केले की आत्याबाईंच्या डब्याचं झाकणही हललं नाही.

शेतात धुऱ्याजवळ, म्हणजे बांधाजवळ, मामाजींना आत्याबाईंच्या बाजूचं दार सपाट जमिनीसमोर आणायचं होतं. त्यांनी स्टीअरिंग पार डावीकडे वळवलं, गाडी लावली आणि बटण दाबलं. गाडी बसू लागली. पुढच्या डाव्या चाकापाशी प्लास्टिक मोडल्यासारखा आवाज झाला आणि मग बारीक फुस्स सुरू झालं, कुकरची शिट्टी नीट बसली नाही की येतं तसं. आत्याबाईंनी ऐकलं नाही, त्या उतरत होत्या. उजवा पाय जमिनीवर टेकला, मग डावा, मग काठी. आमचा सालदार नामदेव खुर्ची घेऊन धावला, तर त्यांनी काठीनेच त्याला बाजूला केलं.

पूजा त्यांनी उभ्याने केली. दगड मी मांडले, बाकी सगळं त्यांच्या उजव्या हाताने. भात शिंपडताना अर्धा त्यांच्याच लुगड्यावर पडला आणि वेचायला आलेल्या बाया हसल्या, त्याही हसल्या. मी मामाजींकडे बघितलं. ते पूजेकडे तोंड करून उभे होते आणि त्यांचा एक हात मागे, गाडीच्या चाकावर होता.

परतायच्या वेळी गाडी उठली नाही. तीन कोपरे थोडे वर आले, पुढचा डावा जमिनीलाच धरून राहिला. समोर लाल दिवा लागला. मामाजी उतरले, गुडघ्यावर बसले आणि टायर आणि पत्र्यामधे बोट घालायला गेले. गेलं नाही. त्यांनी दुसरीकडून प्रयत्न केला. करंगळी घातली. तीही गेली नाही. पत्रा टायरवर टेकला होता, गाडी ना पुढे जात होती ना मागे.

मी धुऱ्यावर चढून, जिथे मोबाइलला रेंज होती तिथून मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, पाइप कटला असणार, गाडी हलवू नका, ट्रकवर घालून आणावी लागेल. जॅक लावून पाहिला, काळ्या मातीत जॅकच खाली गेला. त्याखाली फळी ठेवली, तीही गेली. मी कागद काढला आणि काय काय करता येईल ते लिहिलं. बैलगाडी : उंच. नामदेवच्या ओळखीचा ट्रॅक्टर : उंच. गावातली जीप : उंच, आणि पांदणीत दणके. पुढे लिहायला काही सापडेना. मी पेन्सिल धरून बसले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातात यादी होती आणि तिच्यात करण्यासारखं एकही काम नव्हतं.

आत्याबाई कडुनिंबाखाली खुर्चीवर बसल्या होत्या. दुपार झाली. बायांनी भाकरी सोडल्या, त्यांना दिली, त्यांनी थोडी खाल्ली. मामाजी जेवले नाहीत. ते चाकाजवळ मातीत मांडी घालून बसले होते, पांढरा पायजमा काळा झालेला, आणि दर थोड्या वेळाने बोट घालून बघत होते, जणू मधल्या काळात जागा झाली असेल. नामदेव म्हणाला, "शेठजी, उठा ना आता. काऊन बसून राह्यले?" त्यांनी पुन्हा बोट घालून पाहिलं. मी जवळ गेले तर मला म्हणाले, "बोटच जाऊन नाई राह्यलं, सूनबाई." ते पुन्हा पुन्हा तेवढंच म्हणत होते.  माझ्याकडे सांगण्यासारखं एकच होतं, आणि ते माझ्या तोंडून निघेना.

उन्हं उतरायला लागली तसं आत्याबाईंनी काठी आपटून नामदेवला बोलावलं. "तुह्या झोपडीतलं खाटलं आन."

"झोपता काय, बाई?"

"झोपत नाई. उचला मले. ट्रॅक्टरवर ठेवा."

कुणी हललं नाही. त्या मामाजींकडे बघत होत्या, ते चाकाकडे. "आज पोतं तं पोतं," त्या म्हणाल्या. "तिकडे मातीत बसलेला मानूस पाहवत नाई मले. आना लवकर. आन त्याले कोनी काई बोलाचं नाई."

नामदेवने ओळखीचा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट बोलावला, खाट आणली. एका पायाशी नामदेव, दुसऱ्याशी मी, तिसऱ्याला वेचणाऱ्या बाया. चौथ्या पायाशी मामाजी येऊन उभे राहिले. आत्याबाईंनी पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन दातांत धरला, यावेळी सुटू नये म्हणून. आम्ही उचललं. ट्रॅक्टर आंजीच्या सडकेला लागेपर्यंत मामाजी ट्रॉलीत खाटेचा पाय धरून उभे होते. खाट हलतही नव्हती.

गाडी दुरुस्त झाली. जुन्याच मापाचे टायर पुन्हा बसले आणि ते मोठे चार दुकानाच्या मागच्या खोलीत एकावर एक पडून राहिले. आत्याबाई सावंगीला जात राहिल्या, गाडी बसायची, त्या बसायच्या. पण आंजीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. पुढच्या वर्षी कपाशी फुटली तेव्हा मामाजींनी भीत भीत विचारलं. त्या म्हणाल्या, "आता सूनबाई करन." मी केली. त्याच हिवाळ्यात त्या झोपेत गेल्या.

तेरवी झाल्यावर मी मामाजींना त्या टिकेचं सांगितलं. दुकानात दुपारी कुणी नव्हतं. मी उभी राहून सगळं बोलून टाकलं : मेकॅनिकने काय सांगितलं होतं, मी काय लिहिलं होतं, आणि न बघता टिक कशी केली. त्यांनी समोरचं बिलबुक मिटलं. मग म्हणाले, "मालूम आहे मले. तुही पेन्सिल थांबली होती, म्या पायलं. म्हटलं, काई चुकत असन तं बोलन हे. तू टिक केली. म्हटलं, मंग बरोबर असन." पुढे म्हणाले, "लोकायसमोर मले इचारता नाई आलं, अन् तुले बोलता नाई आलं." त्यांनी मला दोष दिला नाही. तो दिला असता तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळ दिवस वाटत राहिलं.

त्यानंतर घरात एक बदल झाला. मी यादी केली की मामाजी म्हणायचे, "वाच." मनातल्या मनात नाही, मोठ्याने. किराणा असो, पेरणीचं सामान असो, की मुलीच्या सहलीची पिशवी. एकेक आकडा वाचायचा, ते हं म्हणायचे, मग टिक. दुकानात गिऱ्हाईक असलं तरी. बोटांनी मोजणं त्यांनी सोडलं नाही, पण मोजून झालं की माझ्याकडे वळून विचारायचे, "तुह्या कागदावर काय आहे?"

ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. शेवटच्या आजारात त्यांना सावंगीला भरती केलं होतं. स्ट्रेचरवर घेताना म्हणाले, "उचला बाप्पा, आता माही पाळी." दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून काय ते सांगितलं. मी खोलीत येऊन कागदावर यादी केली, कारण हाताला दुसरं काही सुचत नव्हतं. त्यांनी डोळे उघडले. "वाच."

मी वाचलं. एक, पाणी उकळून आणणे. दोन, रक्ताचा रिपोर्ट. तीन, धुतलेलं धोतर. त्यांनी तिन्हीला हं केलं.

"झालं?"

"झालं, मामाजी."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. आवाज राहिला नव्हता, ओठच जास्त हलत होते. "थांबली तू."

मी कागदाकडे बघितलं. अक्षर माझंच होतं, आणि मी मोठ्याने वाचलं, "चार, विलासला आजच बोलावून घेणे."

त्यांनी वर पंख्याकडे बघितलं. मग चादरीवरचा हात जरासा उचलून म्हणाले, "हं. आता कर टिक."